विश्वासू सल्लागार नेमण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सल्ला फुकट मिळतो, म्हणूनच माणसाला सल्लागार नेमावा लागतो. माझ्या सासरवाडीला हे तत्त्व जरा उशिरा कळलं, पण कळल्यावर त्यांनी अंमलबजावणीत कसूर केली नाही.

सासरवाडीचा धंदा अंड्यांचा. दोन हजार कोंबड्या, एक लांबलचक शेड आणि रोज नऊशे अंडी उचलणारी एक बेकरी. (मी तिथला जावई. माझ्या मताला घरात फार मान आहे. गरज अजून पडलेली नाही.) दिवस लहान होऊ लागले तशी अंडी सोळाशेवरून अकराशेवर आली, मग आठशेवर. बेकरीवाल्याने सभ्य भाषेत कळवलं, की महिनाअखेरीला नऊशे पुरी झाली नाहीत तर तो दुसरीकडे बघेल. बेकरी गेली की शेडला टाळं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या शेडमध्ये बावीस वर्षं अंडी गोळा करतात त्या काकू, म्हणजे सासऱ्यांची धाकटी भावजय. त्या टोपली टेकवून म्हणाल्या, "भाऊजी, मागच्या रांगेतले दिवे गेलेत. दिवस लहान झाला की कोंबडीला दिव्याचा उजेड लागतो. चौदा दिवे बदला, पंधरा दिवसांत अंडी येतील."

सल्ला स्पष्ट, स्वस्त आणि पहिल्या झटक्यात समजणारा असल्यामुळे तो सल्ला म्हणून ग्राह्य धरता आला नाही. पिकतं तिथं विकत नाही. लगेच एक निवड समिती स्थापन झाली: सासरे अध्यक्ष, दोन मेहुणे सभासद आणि मी सचिव (अक्षर बरं म्हणून). समितीने एकमताने ठरवलेले निकष असे:

१. सल्लागार किमान दोन तासांच्या अंतरावरचा असावा. (अंतर आणि विश्वास सम प्रमाणात वाढतात.)
२. त्याने स्वतः कधी कोंबडी पाळलेली नसावी, म्हणजे मन निःपक्षपाती राहतं.
३. त्याच्याजवळ बॅग असावी. ती त्याने उघडू नये.
४. तो घरातला नसावा. घरातला असल्यास बाई नसावी. (हे कलम कोणी सुचवलं नाही, ते आपोआप लिहिलं गेलं.)

सात उमेदवार आले. पहिले गृहस्थ वीस मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग "चित्र मोठं आहे," एवढंच म्हणून गेले. त्यांना शंभरात एक्याऐंशी गुण पडले. त्यानंतरच्या चौघांची नोंद माझ्याकडे आहे, पण त्यांच्यात फरक होता तो फक्त बॅगेच्या रंगाचा.

सहावे निवृत्त पशुवैद्य. हे सरळ शेडमध्येच शिरले. बाहेर आले ते केसात पीस घेऊन.

"मला कशाला नेमताय?" ते म्हणाले. "आत त्या बाई आहेत, त्यांना विचारा. त्यांचं बरोबर आहे."

"फी?" अध्यक्षांनी विचारलं.

"कसली फी? मी काय केलं?"

समितीत कुजबुज झाली. आपल्या सल्ल्याचा अनुभव कुणाकडे विचारता येईल, असं धाकट्या मेहुण्याने विचारल्यावर त्यांनी तीन पत्ते दिले आणि वर सांगितलं, "यातल्या तिसऱ्याकडे माझा अंदाज साफ चुकला होता. त्यांना जरूर भेटा." जो माणूस पैसे घेत नाही, चूक कबूल करतो आणि घरच्यांचं ऐका म्हणतो, त्याचा डाव काय असेल, यावर समितीने पाऊण तास चर्चा केली. डाव सापडला नाही, म्हणजे तो फारच खोल असणार. गुण: शून्य.

सातव्यांनी मात्र मैदान मारलं. सासऱ्यांना शेड वाढवायची होती; ते म्हणाले, वाढवा. थोरल्याला विकायची होती. ते म्हणाले, योग्य वेळ आहे. धाकट्याला अंड्यांवर नक्षीदार शिक्का मारायचा होता. ते म्हणाले, मी हेच सुचवणार होतो. ते एका खाद्य कंपनीचं खाद्यही विकत, त्यामुळे खाद्य बदलावं लागेल हे त्यांना शेड न बघताच कळलं. इतका मनकवडा माणूस पुन्हा मिळणार नाही, यावर तिघांचं एकमत झालं. नेमणुकीचं पत्र तयार व्हायला आणखी पंधरा दिवस लागले. (मजकूर तपासायला वेगळा सल्लागार होता.)

दरम्यान एका दुपारी काकूंनी मला शेडच्या दाराशी गाठलं. हातात दिव्यांचा खोका, खांद्यावर शिडी.

"काकू, माझं असं मत आहे की समितीचा निर्णय होईपर्यंत..."

"जावईबापू, शिडी धरा. मत नको."

मी शिडी धरली. त्या घरात माझ्या हातून झालेलं ते पहिलं उपयोगी काम. चौदा दिवे बदलून झाल्यावर काकूंनी वर बघितलं, "हं," म्हणाल्या आणि टोपली उचलून कामाला लागल्या.

दोन आठवड्यांनी अंडी साडेनऊशे झाली. नेमणुकीचं पत्र नेमकं आदल्या दिवशी टपालात पडलं होतं. घरात आनंदाला उधाण आलं. "माणूस अजून आलाही नाही," सासरे गदगदून म्हणाले, "आणि पायगुण बघा!" बेकरी टिकली. शेड वाचली. सल्लागार आले, हार घालून घेतला, बत्तीस पानांचा अहवाल लिहिला, आणि त्यांच्यासाठी चहा काकूंनी केला. सचिव म्हणून अहवालावर सही माझी आहे. सही करताना मला लाज वाटली. चहा संपेपर्यंत वाटत होती.

आता आजूबाजूच्या गोठ्यांतून, रोपवाटिकांतून, दुकानांतून लोक चौकशीला येतात. काकू अंगणात अंडी पुसत बसलेल्या असतात आणि विचारेल त्याला खरं ते सांगतात. लोक हसून म्हणतात, "ते ठीक आहे हो, पण साहेबांचा नंबर द्या ना."

छापायला देण्याआधी ही हकीकत मी अकरा जणांना वाचून दाखवली. अकराही जण पोट धरून हसले, लोक किती मूर्ख असतात म्हणाले, आणि निघताना प्रत्येकाने घरी काय चाललंय ते सांगून माझा सल्ला मागितला. मला, शिडी धरणाऱ्याला. मी विचारलं, "घरात ते काम रोज करतं कोण?" तर अकराही जण थोडा वेळ आठवत उभे राहिले.

तुम्ही आठवा सावकाश. मी थांबतो.