ढाण्येसरांची नेमणूक

एका जंगलात, मुलांनो, एक कॉलेज होतं. हसू नका. जंगलात राजा असतो, दरबार असतो, तेव्हा तुम्ही हसत नाही. मग कॉलेजलाच काय झालं?

तर त्या कॉलेजचा एक फुटबॉलचा संघ होता. चेंडू म्हणजे वाळलेलं कवठ. गोल म्हणजे सागाची दोन झाडं. खेळाडू कोण? चितळं, ससे, भेकरं आणि गोलात एक सांबर. म्हणजे सगळी गवत खाणारी गरीब प्रजा. आणि कप्तान होती तिळी. तिळी म्हणजे चितळाची पोर, अंगावर तीळ सांडावेत तसे ठिपके, आणि पाय असे की थांब म्हटलं तरी थांबायचे नाहीत.

संघ हरायचा. दरवर्षी हरायचा. टेकडीवरच्या कॉलेजशी हरायचा, नदीपल्याडच्या रानडुकरांशी तर हमखास हरायचा. त्यांना शिकवायला सायाळमास्तर होते. खरं सांगायचं तर मास्तरांना फुटबॉलमधलं फारसं काही कळत नव्हतं. "पळा, पडू नका, आणि घरी जाताना पाणी पिऊन जा," एवढंच त्यांचं शिक्षण. पण पोरं खुशीत होती. हरायची, पाणी प्यायची, घरी जायची.

दुःख होतं ते चाहत्यांना.

चाहते कोण, ते नीट ऐका, कारण गोष्ट तिथेच आहे. चाहते झाडांवर राहायचे. वानरांचे पुढारी बापूसाहेब शेपटे. त्यांच्याच फांदीवर मंदाताई शेकरू. आणि समोरच्या झाडावर चोचेअण्णा, म्हणजे एक म्हातारे धनेश पक्षी. यांतल्या कुणीही उभ्या जन्मात कवठाला पाय लावलेला नव्हता. पण संघ हरला की रात्रीचं जेवण जायचं नाही त्यांना. नुसते उसासे.

"ते काही नाही," एके दिवशी बापूसाहेब म्हणाले. "आता मुरलेला माणूस आणला पाहिजे. धंदेवाईक संघांत नाव काढलेला. ढाण्येसर!"

ढाण्येसर म्हणजे वाघ. डोंगरापलीकडे रानगव्यांचा धंदेवाईक संघ होता, त्याचे ते कितीतरी वर्षं कोच होते. तीन चषक जिंकलेले.

"मग तो संघ आता कुठे आहे?" मंदाताईंनी विचारलं.

"बंद पडला."

"का हो?"

"ढाण्येसरांनंतर कुणाला चालवता आला नाही! ह्याला म्हणतात अनुभव."

चोचेअण्णांनी मान हलवली. "माझा विरोध आहे. धंदेवाईक खेळाडूंचं वेगळं असतं बापूसाहेब. त्यांना आयता चारा मिळतो. इथे पोरं अभ्यास सांभाळून खेळतात. शिवाय वय बघा त्यांचं."

"वय काय बघता? मिशा बघा!"

"पण कॉलेजला पोरं गोळा करावी लागतात," मंदाताई म्हणाल्या. "घरोघर जाऊन, आईबापांशी बोलून चांगली पोरं उचलावी लागतात. जमेल त्यांना?"

"घरोघर जाऊन पोरं उचलण्यात त्यांचा हात कोण धरणार, ताई?"

झालं. जंगल दुभंगलं. पूर्वेकडची झाडं ढाण्येसरांच्या बाजूने, पश्चिमेकडची विरोधात. मोहाला फुलं आली तेव्हा सुरू झालेला वाद फुलं गळून गेली तरी संपेना. ढाण्येसर चढाईचा खेळ शिकवतील की बचावाचा? त्यांची पद्धत जुनी झाली का? उन्हाळ्यात ते दुपारी झोपतात, हे खरं का? एका झाडावर तर याच्यावरून सोयरीक मोडली.

तिळी खाली मैदानात उभी राहून हे सगळं ऐकायची. तिच्या मनात एकच प्रश्न होता. वर कुणीतरी आता विचारेल, मग विचारेल, म्हणून ती बिचारी वाट बघत राहिली. कुणी विचारीना. शेवटी तिनेच मान वर केली.

"बापूकाका, एक विचारू? ढाण्येसर खातात काय?"

मग बापूसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "ही बघा आजची पिढी! एवढा मोठा माणूस आपल्या दारी यायला तयार झाला, आणि हिला स्वयंपाकाची पडलीय!"

"तसं नाही काका, पण आम्ही हरणं आहोत."

"तेच तर बदलायचंय, पोरी. मी हरीण आहे, मी दुबळी आहे, हे मनातून काढून टाक."

अण्णा विरोधात होते, म्हणून तिने आशेने अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "प्रश्न खाण्याचा नाहीच मुळी. प्रश्न वयाचा आहे."

पुढे ढाण्येसर स्वतः मुलाखतीला आले. एक पाय ओढत होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण रुबाब होता. आणि एक सांगतो, मुलांनो, माणूस लबाड नव्हता. झाडाखाली बसले आणि स्वच्छ बोलले.

"मंडळी, मी लपवाछपवी करत नाही. माझी पद्धत सोपी आहे. रोज सराव घेतो. सरावात जो सगळ्यात मागे राहतो, त्याला मी खातो."

वरून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय शिस्त!" बापूसाहेबांचे डोळे पाणावले. "नाहीतर आपले मास्तर! पाणी प्या म्हणे!"

"मी खरंच खातो," ढाण्येसर जरा गोंधळून म्हणाले.

"आणि विनय बघा," मंदाताई म्हणाल्या.

त्या जंगलात मत द्यायचं म्हणजे फांदी हलवायची. फांद्या अशा हलल्या की सगळा पाचोळा खाली उभ्या असलेल्या खेळाडूंच्या अंगावर पडला. खेळाडूंना फांदी नव्हती, म्हणून त्यांना मतही नव्हतं. सायाळमास्तरांना नारळ दिला. ते काटे मिटून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला. अहो, काय पळाला तो संघ! ससे नुसते उडत होते. भेकरं दिसेनाशी झाली. वर चाहत्यांना आनंद आवरेना. मागे राहिला तो एकटा भोपळ्या. भोपळ्या म्हणजे गोलातलं सांबर. गोलकीपरच तो, त्याला पळायची सवय कुठली? मोठा भला प्राणी होता. समोरच्याने गोल केला की आधी त्याचं अभिनंदन करायचा, मग कवठ आणायला जायचा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गोल रिकामा होता. तिळी त्या दोन सागांमध्ये जाऊन उभी राहिली आणि ढसाढसा रडली.

पण संघ जिंकला! टेकडीवरच्या कॉलेजला धूळ चारली. गोलकीपर नव्हता, तरी बिघडलं नाही, कारण कवठ आपल्या बाजूला यायलाच तयार नव्हतं. आपल्या गोलामागे ढाण्येसर बसत ना! त्यामुळे सगळा संघ दुसऱ्या टोकाला.

पुढचा सामनाही जिंकला. मग एक ससा कमी झाला. मग एक भेकर. तिळी धावत झाडाखाली आली.

"बापूकाका, पोरं कमी होताहेत!"

"स्पर्धा आहे पोरी. बाहेर बसवलं असेल कुणाला."

"बाहेर नाही काका, आत बसवलंय! सरांच्या पोटात आहेत ती!"

"शू!" मंदाताई म्हणाल्या. "जिंकताना असं बोलू नये. दृष्ट लागते."

तिळीने पुन्हा अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मोठा सुस्कारा टाकला. "म्हणून तर माझा विरोध होता. वय झालं गं त्यांचं. उमेदीत दिवसाला दोन उडवायचे म्हणतात. आता एकावर आलेत."

तेव्हा तिळीला कळून चुकलं. वर बघून मान दुखेल, दुसरं काही व्हायचं नाही. आपल्या पोरांचं काय ते आपणच बघायचं.

अंतिम सामना नदीकाठी होता, रानडुकरांशी. इकडून उरले होते सातजण. झाडं चाहत्यांनी वाकली होती. ढाण्येसर आपल्या गोलामागे बसले होते, मिशीवरून जीभ फिरवत. समोरच्या गोलामागे नदी होती. मध्यंतराला तिळीने सगळ्यांना जवळ घेतलं.

"शिट्टी झाली की पळायचं. गोल करायचा नाही. गोलातून जायचं. आणि कुणीही हाक मारली तरी थांबायचं नाही."

"आणि कवठ?" एका सशाने विचारलं.

"चुलीत घाल ते कवठ!"

शिट्टी झाली. सातही जण सुटले. रानडुकरं बाजूला झाली, समोरचा गोल आला, गोल मागे पडला, पाणी आलं. ससे चितळांच्या पाठीवर, चितळं पाण्यात, आणि वर झाडांवर नुसता जल्लोष!

"गोल! गोल! अख्खा संघ गोलात गेला! हे फक्त ढाण्येसरच करू जाणे!"

पलीकडच्या काठावर तिळी थांबली. तिने मोजले. सातच्या सात होते. मग मात्र तिला भोपळ्याची आठवण आली, आणि तिने उगाच आणखी एकदा मोजले.

ढाण्येसर नदीपर्यंत आले. पाण्यात पाय घालून पाहिला. संधिवात होता, पाय काढून घेतला. "खेळाडू संपले," ते बापूसाहेबांना म्हणाले. "माझं इथलं काम झालं." आणि त्या गोलावर मिळालेला चषक घेऊन निघून गेले.

आता तुम्हाला वाटेल, चाहत्यांचे डोळे उघडले असतील. उघडले ना! त्यांनी लगेच बैठक घेतली. कुठे चुकलं? दोन दिवस चर्चा झाली आणि चूक सापडली. ढाण्येसरांनी चाहत्यांशी कधी जवळीकच साधली नाही! एवढ्या दिवसांत एकदाही फांदीवर आले नाहीत. जमिनीवरचा माणूस तो, त्याला झाडावरच्यांची भावना काय कळणार? म्हणून आता असा कोच हवा, जो आपल्यात मिसळेल.

आणि तसा मिळालाही. बिबटेसर. तरुण, चपळ, मवाळ बोलणारे. मुलाखतीला आले ते थेट वरच.

"झाडावर चढायची सवय आहे का?" मंदाताईंनी कौतुकाने विचारलं.

"रोजची," बिबटेसर म्हणाले. "माझं जेवण वरच असतं."

फांद्या हलल्या, पानं झडली, टाळ्या नदीपल्याड ऐकू गेल्या. अण्णांनी तेवढा विरोध नोंदवला. त्यांच्या मते बिबटेसर फारच तरुण होते.

तिळी काठावर धावत आली. पाण्यात गुडघाभर शिरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "बापूकाका! उतरा! पळा!"

बापूसाहेबांनी कानामागे हात धरून ऐकलं. मग शेजारी टेकून बसलेल्या बिबटेसरांकडे वळून म्हणाले, "बघितलंत सर? संघ सोडून पळालेली पोर ती. आणि आता आम्हाला शिकवतेय!"

तात्पर्य : मुलांनो, मोठ्या माणसांचं म्हणणं नेहमी आदराने आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. मात्र पळता पळता.