सोनेरी न

“आई, फळीवरचं घड्याळ हलवून ठेव. तिथे माझी ढाल येणार आहे!” असं फर्मावून तुफान शाळेत निघाली. घरचे सगळे तिला तुफानच म्हणत. तिला वाटे, कौतुकानंच म्हणतात!

नव्या धंद्यांच्या कल्पनांची स्पर्धा होती. जिंकणाऱ्या एकाच मुलाला पुढच्या फेरीत पाठवणार होते. तुफाननं विमान कंपनी काढली होती. साधीसुधी नाही! तीनशे माणसं कोंबायचीच नाहीत. फक्त साठ, तीही बडी! तिकीट पाचपट, खुर्ची पलंगाएवढी, बारा तास खुशाल घोरा! तक्त्यावर तिनं सोनेरी कागदाची अक्षरं कापून चिकटवली होती: ‘प्रीमियम विमान कंपनी’. खाली खडूनं: ‘लांबचा प्रवास आडवे होऊन करा!’

“ताई, डिंक कमी लावलास गं,” धाकटी म्हणालीसुद्धा होती.

“पाचवीतल्यांनी मला शिकवू नये!”

परीक्षक आजोबा काठी टेकत आले, मागोमाग मुख्याध्यापिका. तक्त्याला ऐटीत टेकलेली तुफान ताडकन पुढे झाली. तेवढ्यात गर्दीतून धाकटी हात नाचवत ओरडली, “ताई, न! न!”

“नको काय नको? हो बाजूला!”

आजोबांनी तक्ता वाचला. खालची ओळ दोनदा वाचली.

“आडवं होऊन?”

“अगदी सपाट! पांघरूणही आम्हीच घालतो.”

“मधे कुठे थांबायचं नाही?”

“छे! एकदा वर गेलं की गेलं!”

“आणि... नेता कुणाला?”

“मोजक्यांनाच! ज्येष्ठांना आधी. आजोबा, पुढच्याच आठवड्यात तुमची जागा धरू?”

आजोबा काठीसकट दोन पावलं मागे सरकले. मुख्याध्यापिकांनी त्यांना खुर्चीत बसवून पाणी पाजलं. “अगं, विम्याची जाहिरात अशी करतात का?”

“विमा? कसला विमा?”

तुफान वळली. तक्ता झगमगत होता: ‘प्रीमियम विमा कंपनी’.

तिचे कान तव्यासारखे तापले. आणि तिनं नको तेच केलं. सगळ्यांदेखत धाकटीकडे बोट दाखवलं. “हिनंच तो न काढला! जळते माझ्यावर!”

धाकटी तुफानच्या मागे गेली आणि पाठीवर चिकटलेला सोनेरी न टर्रकन ओढून तिच्या हातात ठेवला.

“हेच सांगत होते मघापासून.”

अख्खा वर्ग खिदळला. तुफानला वाटलं, आत्ताच्या आत्ता मिळेल त्या विमानात बसावं, अगदी तीनशे जणांच्या!

घरी आईनं फळी रिकामी करून, पुसून ठेवली होती. “ढाल कुठाय?”

“चुकलं माझं,” तुफान पुटपुटली. आईला नव्हे, धाकटीला.

धाकटीनं तो न घेतला आणि फळीवर, अगदी मधोमध चिकटवला. भरपूर डिंक लावून! अजून खरवडूनही निघत नाही.