जरूर कळवा

सरकारी पुस्तिकेला उत्तर देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ठकूनाना.

पुस्तिका म्हणजे ती गुळगुळीत कागदाची, मुखपृष्ठावर हिरवागार डोंगर असलेली. पाणी कसं जिरवावं, माती कशी धरावी, कुठलं झाड कुठं लावावं, याचं जनतेला मार्गदर्शन. आमच्या भोरच्या कृषी कार्यालयात तिचे गठ्ठे पुण्याहून येतात. थोड्या प्रती ग्रामसभेत वाटल्या जातात, एक गठ्ठा कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली जातो आणि उरलेल्यांची थप्पी माझ्या खुर्चीमागे लागते. त्या थप्पीला पाठ टेकून मी अकरा वर्षं नोकरी केली. आतलं एक पानही वाचलं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही.

नानांनी सगळं वाचलं. शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ असते, 'आपले अनुभव आम्हास जरूर कळवा.' ती कुणी मनावर घेईल, असं लिहिणाऱ्यालाही वाटलं नसेल. नाना मात्र दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डोंगरातल्या धनगरवस्तीवरून मार्गासनीला चालत उतरतात, दोन एसट्या बदलून भोरला येतात आणि माझ्या टेबलासमोर उभे राहून कळवतात.

पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, तक्रार असणार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पुस्तिका.

"पान नऊ," ते म्हणाले. "ओघळीला दगडी बांध घाला म्हनलंय. घातला. पावसात फुटला. आता फुडं?"

"ते मला काय विचारता, नाना?"

"तुमीच इचारलंय की, भाऊसायेब. इचारलंय तर सांगाय नको?"

हे त्यांचं पालुपद. त्यापुढे आमच्या कार्यालयात कुणाचं काही चाललं नाही. आमच्या साहेबांनी एकदा त्यांना चहा पाजून वाटेला लावायचा बेत केला. नानांनी बशीभर चहा प्यायला आणि पान बारावरचं चित्र कसं चुकलंय ते साहेबांना समजावलं. चित्रात चराची माती वरच्या अंगाला टाकलेली होती. "पैल्या सरीलाच ही समदी माती चरात येनार. चितार काढनारा कदी खनलेला न्हाई," नाना म्हणाले, आणि साहेबांच्या हातांकडे बघत राहिले. तेव्हापासून साहेब पहिल्या सोमवारी दौऱ्यावर असतात.

मी हसायचो. घरी बायकोला नकला करून दाखवायचो. पण नाना कशासाठी खणतात हे मला पुढं कळलं, आणि ते कळल्यावर नकला करायला मजा येईना.

त्यांच्या वस्तीवर बारा घरं होती. विहीर एकच, तीही शिमगा झाला की तळ दाखवायची. एकेक घर मेंढरं विकून पुण्याच्या बाजूला निघून गेलं. नानी तर त्याआधीच वारली होती. शेवटी मुलगा मारुतीही बायको आणि दोन पोरींना घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "आबा, उन्हाळाभर पानी ऱ्हायलं तर आमी माघारी येऊ." त्याच आठवड्यात नानांना ग्रामसभेत ती पुस्तिका मिळाली. चौथी शिकलेला माणूस. बोट ठेवून एकेक अक्षर लावलं, आणि पान एकपासून कामाला लागले.

पाच वर्षं एकट्यानं चर खणले. फुटलेले बांध पुन्हा घातले. दर पहिल्या सोमवारी विहिरीतल्या पाण्याचा आकडा यायचा. शिमग्याला दोन हात. पाडव्याला हातभर. मग सपाट तळ. मी "बरं" म्हणायचो आणि फायलीत डोकं घालायचो. लिहून एक ओळसुद्धा घेतली नाही.

यंदा मे महिन्यात आले तेव्हा पुस्तिका उघडलीच नाही. "हाय," म्हणाले. "पानी हाय. सा हात. येऊन बगा."

मी गेलो. मोटारसायकल जाईल तिथवर नेली, पुढं उन्हात तासभर चढलो. सगळ्या उतारावर चर एकाखाली एक, माती खालच्या अंगाला. आणि विहिरीत खरंच पाणी होतं. स्वच्छ, काळंभोर, सहा हात. माझ्या थप्पीतल्या कागदावर भरवसा ठेवून कुणी हे केलं, याचा मला आनंद झाला आणि लाजही वाटली.

"नाना, मारुतीला सांगितलं का?"

"सांगितलं. त्यानं इचारलं न्हवतं. तरी सांगितलं."

"मग?"

"पोरींच्या शाळा तकडं हायेत म्हनला. सुट्टीला येतो म्हनला." त्यांनी काठी वस्तीकडं केली. "सुट्टी चालूच हाय की आता."

मी वस्तीकडं पाहिलं. अकरा दारांना कुलपं होती. दोन घरांची कौलं आत पडली होती.

नाना विहिरीच्या काठावर बसले. "पानी चढलं, ह्ये खरं. पर चरानं चढलं का उपसनारं गेलं म्हनून चढलं, त्ये पुस्तिकेत कुठं न्हाई. म्या लई हुडाकलं."

त्यांनी घोंगडीतून वही काढली. पुस्तिकेत छापलेल्या तक्त्याबरहुकूम रेघा मारलेल्या. तारीख, पातळी, उपसा. उपशाच्या रकान्यात रोज एकच, 'दोन घागरी'. पानामागून पानं, दोन घागरी. त्यांच्या एकट्याच्या.

"भाऊसायेब, एक बादली वढा. उपसून बगू."

मी ओढली. मेंढरांना पाजायच्या दगडी डोणीत ओतली. डोण इतकी कोरडी होती की पाण्याचा आवाज सगळ्या वस्तीत गेला. नानांनी वहीत त्या दिवसाच्या दोन घागरींपुढं 'एक बादली' लिहिलं. अक्षर नीट आलं का ते पाहिलं. मग पाणी मोजायची, गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडली, वर घेतली आणि ओली खूण बोटांनी चाचपली.

"बोटभर बी उतरलं न्हाई," ते म्हणाले. दोरी तशीच हातात होती. "आनिक एक वढता का?"

मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि पुन्हा बादली खाली सोडली.