आचाऱ्याचा बूट

'छोट्या जादूगाराची शाळा' या कादंबरीचा दुसरा भाग छापून आला आणि सत्तेचाळिसावं पान उघडताच लेखिकेच्या हातातला चहा बशीत सांडला. पहिल्या भागात दरीत कोसळून मेलेला शाळेचा आचारी इथे खुशाल पातेलं ढवळत होता!

तासाभराने एका शाळेत दोनशे मुलांसमोर वाचन होतं. मुलांना एक वेळ जादू चुकलेली चालते, लेखक चुकलेला चालत नाही.

प्रुफं तिने तपासलीच नव्हती. तपासायची कशाला? तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ते लावून टाइप करायच्या सासूबाई, कोर्टातल्या निवृत्त टंकलेखिका. एकोणचाळीस वर्षांत त्यांच्या कागदावर खाडाखोड कोणी पाहिली नव्हती. अशी नजर शोधून सापडायची नाही.

"आई, हा आचारी जिवंत कसा?"

"तू सगळीकडे 'नवा आचारी' लिहिलं होतंस. मी 'नवा' काढला. जुना असताना नवा कशाला?"

"अहो, तो मेलाय! मीच मारलाय त्याला!"

"पुरावा?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

लेखिकेने कपाळावर हात मारला.

वाचनात तिने ते पान गाळलं, पण पुस्तकं आधीच मुलांच्या हातात होती. पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली.

"पहिल्या भागात आचारीकाका मेले, तेव्हा मी रात्री जेवलेच नव्हते. मग हे कोण?"

लेखिका उगाच पानं उलटू लागली. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून, सोबत आलेल्या सासूबाई उठल्या.

"पहिला भाग, पान एकशे बारा. दरीत काय सापडलं?"

"बूट," मुलगी म्हणाली.

"आणि प्रेत?"

मुलीचे डोळे विस्फारले. "नाही सापडलं!"

"मग मेला असं कोण म्हणालं?"

"मुख्याध्यापक!" दोनशे मुलं ओरडली.

"ते तेव्हा कुठे होते?"

"वर्गात!"

"म्हणजे ऐकीव माहिती. ती धरायची नसते," असं म्हणून सासूबाई खाली बसल्या.

टाळ्या थांबेनात. वेण्यांची मुलगी तर डोळे पुसत हसत होती. दोन वर्षं खपून आपण लिहिलं आणि आपल्याला जे दिसलं नाही, ते या बाईंना दिसलं! लेखिकेने मनोमन हात जोडले.

संध्याकाळी ती तिसरा भाग लिहायला बसली. दुष्ट मांत्रिकाला मात्र कायमचं संपवायचं होतं. 'मांत्रिक मेला. प्रेत साऱ्या शाळेने पाहिलं,' असं ठणकावून लिहून तिने कागद सासूबाईंपुढे ठेवला.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला, कागद दोनदा वाचला आणि मशीनवरची बोटं उचलली.

"ओळख कोणी पटवली?"