आत्या बसली की वायपर चालतो

पाऊस कुठून येतो, हे भूगोलाच्या मास्तरांना तोंडपाठ होतं. तो काचेवरून घालवायचा कसा, हे मात्र त्यांच्या पुस्तकात नव्हतं. गाडीचा वायपर तीन आठवडे काचेच्या मधोमध, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा हात वर करून उभा होता. आणि सोमवारी अकराला गाडीची तपासणी होती. पंधरा वर्षांची गाडी. पास झाली तर रस्त्यावर, नाहीतर थेट भंगारात.

शनिवारी वायरमन आला. त्याने फ्यूज पाहिला, रिले बदलून पाहिला, स्विच उघडून पुन्हा बसवला आणि चालूच ठेवला. शेवटी मोटरला थेट बॅटरीच्या दोन्ही वायरी लावल्या, तसा वायपर असा सपकन फिरला की काचेवर वाकलेल्या मास्तरांचा चष्मा बॉनेटवर जाऊन पडला.

"मोटर झकास आहे," वायरमन म्हणाला. "करंटही येतोय. पण परत जात नाहीये."

"म्हणजे?"

"मास्तर, पाहुणा येतो तसा जायलाही पाहिजे ना? जायची वाट तुटली की सगळं घर ठप्प. अर्थिंग गेलंय कुठेतरी."

"तुमच्या मित्रांसारखंच की," मास्तरांची बायको खिडकीतून म्हणाली.

हे सगळं दाराच्या पायरीवर बसून आत्या ऐकत होती. मांडीवर काळी पर्स. गेले तीन आठवडे ती मास्तरांशी कामापुरतंच बोलत होती. कारणही तसंच होतं. सगळे तळ्यावर फिरायला निघाले होते, तेव्हा मास्तर हसत हसत म्हणाले होते, "आत्या, तू पुढे बसलीस की गाडी एका बाजूला कलते गं. तू आपली घरीच थांब." गाडी मुळात आत्याची. डोळे अधू झाले तेव्हा तिने ती भाच्याला दिली होती आणि एकच अट घातली होती, "मला फिरवायचं." किल्ली मास्तरांनी जपून ठेवली; अट कुठेतरी पडली.

"मी बघू का जरा?" आत्याने विचारलं.

"मावशी, हे वायरिंग आहे," वायरमन म्हणाला. "यातलं तुम्हाला नाही कळायचं."

टेलिफोनच्या तारा जोडण्यात उभी हयात घालवलेल्या आत्याने मान डोलावली. "खरंय बाबा. मग मी आपली बसते." आणि ती जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसली.

वायपर चालू झाला.

"आत्या, उतर बघू!" मास्तर ओरडले. ती उतरली. वायपर थांबला. "बस!" बसली. चालू. तिला सात वेळा उतरवलं, सात वेळा बसवलं. वायपर एकदाही चुकला नाही. मग वायरमनने स्वतः बसून पाहिलं. ढिम्म. मास्तरांची बायको बसली. ढिम्म. गाडीतून इतक्या आनंदाने ती आजवर कधी उतरली नव्हती.

वायरमन सीटखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "सापडलं! कुणीतरी अर्थची वायर सीटच्या नटाला आणून बांधलीय. नट ढिला झालाय. भरपूर वजन पडलं की टेकते, नाहीतर लोंबकळते."

"मग आवळा की!"

"जुन्या मापाचा नट आहे हा. असा पाना आता कुठून आणू? मंगळवारपर्यंत शोधतो."

"आणि सोमवारी?"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने पर्स मांडीवर सरळ केली.

"माझ्याने गाडी कलते," ती म्हणाली.

"रस्ताच कललेला होता गं तो," मास्तर म्हणाले. भूगोलाच्या माणसाला हे शोभून दिसलं.

आत्याने मग रविवारी वायपरची तालीम हवी म्हणून सांगितलं. तालमीत तळं आलं, जुनी मैत्रीण आली, आइस्क्रीम आलं. आकाशात ढग एक नव्हता. वायपर मात्र इमानाने चालत होता.

सोमवारी तपासणीचे साहेब आले ते अगदी काडीपैलवान. "बाकीचे उतरा," म्हणाले आणि स्वतः आत्याच्या सीटवर बसले.

"वायपर लावा."

मास्तरांनी स्विच दाबला. वायपर ढिम्म. साहेबांचं पेन 'नापास'च्या रकान्याकडे निघालं.

"साहेब," खिडकीतून आत्या म्हणाली, "ही पर्स जरा धरता का? चष्मा पुसते."

साहेबांनी सवयीने हात पुढे केला. पर्स मांडीवर आदळली, सीट करकरली आणि वायपर सपासप फिरू लागला. साहेब अधिक पर्स बरोबर आत्या!

"अहो, यात आहे तरी काय?" साहेब कळवळले.

"संसार."

पायाला मुंग्या येण्याआधी सुटावं म्हणून साहेबांनी झटपट 'पास'चा शिक्का मारला.

पहिल्याच वळणावर मास्तरांनी गाडी बाजूला घेतली. "आत्या, पर्स दाखव."

आतून टेस्टर निघाला, पक्कड निघाली, तांब्याच्या तारेचं भलंमोठं वेटोळं निघालं. आणि तळाशी, रुमालात गुंडाळलेला, जुन्या मापाचा जाडजूड पाना.

"म्हणजे ती वायर तू..."

"वायर बारा वर्षांपूर्वी," आत्या म्हणाली. "नट तीन आठवड्यांपूर्वी." तिने पाना पुढे केला. "घे, आवळ. दोनच फेरे आहेत. मग मी पायरीवर बसायला मोकळी."

मास्तरांनी पाना हातात घेतला. सीटखाली पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. वायरमन होता.

"मास्तर, सगळी दुकानं पालथी घातली. तुम्हाला मिळाला का कुठे पाना?"

मास्तरांनी पाना पुन्हा रुमालात नीट गुंडाळला आणि आत्याच्या हातात दिला.

"नाही हो," ते म्हणाले. "तसला पाना आता मिळणं कठीणच."

शेजारी पर्स टक्कन मिटली.