मोसंबीतलं मटण आणि भिंतीवरचं डुक्कर

"बुधवारी संध्याकाळी सात वाजता हात धुऊन पाटावर बसायचं! मटन बोटानं तुटलं न्हाई, तर माझं आसराबाई नाव बदलून टाका!"

आसराबाईंनी हे रविवारीच जाहीर केलं, आणि तेही सुनेच्या तोंडावर. सून म्हणजे शीतल. मंठ्याला कचेरीत नोकरी. सकाळी साडेनऊची जीप, संध्याकाळी सातला परत. आल्यावर पर्स खुंटीला अडकवायची आणि त्याच हातानं खिचडी टाकायची. सोमवारी खिचडी, मंगळवारी खिचडी, बुधवारी पण खिचडीच, फक्त त्यात शेंगदाणे!

शीतल शांतपणे म्हणाली, "आत्या, नाव राहू द्या. आग न्हाई, धूर न्हाई, गोंधळ न्हाई. एवढं जमलं तर सैपाकघर तुमचं. न्हाई जमलं तर एक तारखेपासून शिवाजीची द्वारका येईल सैपाकाला. मी तिला सांगून ठेवलंय."

 अठ्ठेचाळीस वर्षं ज्या सैपाकघरात आसराबाईंनी राज्य केलं, तिथं आता द्वारका? जिच्या वरणात डाळ शोधायला पोहता यावं लागतं, ती द्वारका?

पण चूक त्यांचीच होती. तीन महिन्यांपूर्वी गॅसवर दूध ठेवून त्या शेजारच्या चतुराबाईकडे दोन मिनिटं बोलायला गेल्या होत्या. त्या दोन मिनिटांत चतुराबाईच्या माहेरची चार लग्नं आणि एक भांडण झालं. परत आल्या तेव्हा दूध नव्हतं, पातेल्याचं बूड नव्हतं, आणि खिडकीचा पडदा सती गेलेला! त्या दिवसापासून शीतल कामावर जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवायची. कपाटाला कुलूप. ही गोष्ट घराबाहेर कोणालाच माहीत नव्हती, आणि कळू नये म्हणून आसराबाई देवाला रोज एक जास्तीचं फूल वाहत होत्या.

त्यांना वाट सापडली ती नातीमुळे. शालू जर्मनीला नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं एक विजेची हंडी आणली होती. जाळ नाही, शिट्टी नाही. सकाळी सगळं आत टाकायचं, बटण दाबायचं, आणि आठ तास विसरून जायचं. विसरणं तर आसराबाईंना आता झोपेतही जमत होतं!

"आजी, तिथं सगळे असंच करतात," शालूनं सांगितलं होतं. "डुकराचं मटन आन सफरचंद. सकाळी लावायचं, कामावरून येऊन खायचं."

"डुकराचं? राम राम राम! आन फळ घालून? ते काय देवाचा प्रसाद हाय का?"

"मंग तू बोकडाचं कर. सफरचंदाऐवजी आपली मोसंबी टाक. फक्त वेळ तीच ठेव."

हंडीबरोबर एक पुस्तक होतं. अक्षरं सगळी तिकडची, पण चित्रं मात्र अगदी शाळेतल्यासारखी. एका पानावर गुलाबी डुक्कर, त्याच्यापुढे लाल सफरचंद, त्याच्यापुढे घड्याळ आणि त्यात आठचा आकडा. बस्स. आसराबाईंनी ते पान उघडं ठेवून पुस्तक सुतळीनं ओसरीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. मापात चूक नको!

ओसरीवर काहून, म्हणाल, तर या घरात देव आहेत. मटण आत शिजवायचं नाही हा सासूबाईंचा नियम. सासूबाई ते अंगणात तीन दगडांवर शिजवायच्या, आणि जाळ ओढून घेऊन गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर दुपारभर ठेवून द्यायच्या. काय ती चव! शेजारचा माणूस नुसत्या वासावर भाकरी संपवायचा. आसराबाई मनात म्हणाल्या, शालूच्या जर्मन लोकांनी नवं काय केलं? आमच्या सासूबाईंच्या गोवऱ्यांना वायर लावली!

बुधवार उजाडला. मुलगा कल्याण पहाटेच फाट्यावरून किलोभर मटण घेऊन आला आणि मोसंबीच्या बागेकडे गेला. बागेतली चार मोसंबी ठेवून गेला होता. शीतल भाकरी करून जीपला पळाली. आता राहिलं वाटण. खोबरं आणि कांदा भाजायचा कशावर? रेग्युलेटर कपाटात!

आसराबाई खोबऱ्याची वाटी पदराखाली घेऊन चतुराबाईच्या चुलीपाशी गेल्या.

"काय गं आसराबाई, गॅस संपला का?"

"गॅस कशाचा संपतो! चुलीवरच्या खोबऱ्याची चव येगळी."

"मटन? बुधवारचं? कोणी पाव्हणे येऊन राह्यले का?"

"न्हाई."

"जावाई?"

"न्हाई गं."

"मंग काहून?"

आता काय सांगणार? दूध जाळलं, सुनेनं गॅस काढून घेतला, म्हणून परदेशी हंडीत परीक्षा देऊन राह्यले, असं सांगणार? आसराबाईंनी मान खाली घातली आणि खोबरं उलटवत नुसत्या गालात हसल्या.

झालं! चतुराबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाहुणे नाहीत, जावई नाही, बुधवारचं मटण, आणि बाई तोंड उघडत नाही! कंदुरी! दुसरं काय? आपल्याकडे नवस फिटला की बोकड कापून गाव जेवू घालायचं, आणि फिटेपर्यंत तो नवस कोणाला सांगायचा नाही, ही रीत तिला पाठ होती. कंदुरीला आमंत्रण कधीच लागत नाही. वास आला की आपलं ताट घ्यायचं आणि जाऊन बसायचं.

आणि वास आला की हो! साध्या कुकरचा वास तीन शिट्ट्यांत येतो आणि जातो. ही हंडी आठ तास वास सोडत होती! दहाला लावली, अकराला वास गल्लीत आला, बाराला मारुतीपर्यंत गेला, एकला पारावर पत्ते खेळणाऱ्यांचा डाव मोडला. तीन वाजता तो पिठाच्या गिरणीच्या आवाजातूनसुद्धा ओळखू येत होता. त्यात मोसंबीचा आंबटगोड सुगंध. असा वास गावानं जन्मात घेतला नव्हता.

आसराबाई मात्र खुशीत. दर अर्ध्या तासानं काचेच्या झाकणातून बघायच्या आणि भिंतीवरच्या डुकराला सांगायच्या, "बघ रे बाबा, बराबर चाललंय!"

पाच वाजता कचरूबाबा आले. डोक्याला पटका, काखेत पितळी ताट. गावातल्या सगळ्या कंदुऱ्या त्यांना तारीखवार आठवतात.

"आसराबाई, लई चांगलं झालं हो! कल्याणच्या बोअरला पाणी लागलं म्हना की!"

"पाणी? ते तर तीन वर्षांमागं लागल्तं, बाबा."

"हो, हो. नवस लवकर फेडला न्हाई तरी फिटतो बिलकुल." बाबा ओसरीवर मांडी घालून बसले आणि ताट पुढ्यात ठेवलं.

आसराबाईंना वाटलं, म्हातारा चहाला आला असेल. पण चहाला कोणी ताट आणतं का? तेवढ्यात खुद्द शिवाजीची द्वारका आली. तिच्या हातात दोन ताटं.

"माय, शालूचं लग्न जमलं म्हन! मुलगा गोरा हाय का?"

"कोणाचं लग्न?"

"कळलं, कळलं! आता सांगायचं नसतं!" द्वारकेनं डोळा बारीक केला आणि बसून घेतलं.

मागून पुंजाराम, त्याच्या मागून साहेबराव बायकोसकट, त्यांच्या मागून देवळाची अख्खी आळी. एकीनं आसराबाईंच्या गुडघ्याला हात लावून विचारलं, "आता चालता येतं ना? गुडघ्यासाठीच बोलल्या होत्या ना देवाला?" साडेपाचपर्यंत ओसरीपासून आडापर्यंत दोन पंगती! आसराबाईंनी मोजली, सदतीस ताटं. आणि हंडीत एक किलो मटण, त्यातही हाडं धरून!

चतुराबाई पंगतीच्या मधोमध उभी राहून सोय बघत होती. "सरका जरा, सरका! आसराबाई, मीठ मी वाढते!"

"चतुरे, हे काय गं करून ठेवलंस?" आसराबाई दातओठ खात कुजबुजल्या.

"मी? मी कोणालाच काही सांगितलं न्हाई! फक्त गिरणीवर दोघींना बोलले."

 सदतीस माणसांना एक किलो म्हणजे माणशी एक फोड नाही, नुसता फोडीचा विचार! गाव पिढ्यान् पिढ्या सांगेल, आसराबाईनं कंदुरीला बोलावलं आणि उपाशी उठवलं. सात वाजता शीतल येणार. आग नाही, धूर नाही, हे सगळं जमलं होतं. पण गोंधळ? अंगणात दोन पंगतींनी बसलेला हा गोंधळ कुठं लपवायचा? द्वारका तर आताच सैपाकघरात डोकावून फळ्या मोजत होती!

आणि तेवढ्यात कचरूबाबांची नजर भिंतीवर गेली.

बाबांनी चष्मा वर केला. खाली केला. पुन्हा वर केला.

"आसराबाई, हे चित्र कशाचं हो?"

आसराबाई एकाला सदतीसनं भागण्यात गुंतलेल्या. वर न बघताच म्हणाल्या, "ते? त्याच्यावरून तर केलंय सगळं! शालूनं आणलंय. बराबर त्याच्याबरहुकूम!"



एकेक मान भिंतीकडे वळली. गुलाबी डुक्कर सगळ्यांकडे बघून हसत होतं.

"शालूच्या देशात हेच खातात म्हन," पुंजाराम हळूच म्हणाला.

"म्हनूनच वास असा येगळा!" द्वारका पदर नाकाला लावून उभी राहिली.

आता आसराबाईंनी वर बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. आणि त्यांना सगळं कळलं. एक वाक्य नुसतं ओठांवर आलं होतं, "अहो, बोकडाचं हाय, कल्याणनं फाट्यावरून आणलंय!" ते बोललं की घराण्याची अब्रू वाचणार होती. पण मग सदतीस माणसं परत खाली बसणार होती!

अब्रू की सैपाकघर? अठ्ठेचाळीस वर्षं एका पारड्यात टाकून आसराबाईंनी क्षणभर विचार केला. आणि वाक्य गिळलं. पाण्याशिवाय!

"मला जरा जल्दी हाय," साहेबराव म्हणाले. "म्हशी सुटल्या असतील."

"आज माझा उपास हाय, इसरलेच," त्यांची बायको म्हणाली.

"बुधवारचा?"

"नवीन धरलाय!"

कचरूबाबांनी ताट काखेत मारलं. कंदुरीच्या इतिहासात ते प्रथमच न जेवता उठत होते. द्वारका तर दोन ताटं तिथंच टाकून पळाली. दहा मिनिटांत अंगण रिकामं! राहिल्या आसराबाई, हंडी आणि भिंतीवरचा तो पाहुणा.

सहा वाजले. बटण आपोआप बंद झालं. आसराबाईंनी झाकण काढलं आणि एक फोड बोटानं दाबली. लोण्यासारखी तुटली! सासूबाईंच्या हाताची चव, वरून मोसंबीची लहर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. चतुराबाई! पदराखाली वाटी.

"आसराबाई, जरासं दे. कोणाला सांगू नको. मला काही खायचं न्हाई, नुसतं बघायचंय कसं लागतं ते."

"चतुरे, देवाशपथ सांगते, बोकडाचं हाय गं!"

"आता माह्यापासून काय लपवतीस?" चतुराबाईनं तिथंच उभ्यानं फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. "हेच ते! बोकड असं मऊ होतंच न्हाई कधी!"

ती गेली तर कचरूबाबा. "गुडघ्याला औषध म्हनून हवं होतं, वाटीभर. दोन्ही गुडघ्यांना."

"बाबा, बोकडाचं हाय!"

"हो हो, बोकडाचंच," बाबांनी डोळा मारला. या वयात!

मग पुंजाराम. मग साहेबरावांची बायको, नवीन उपासासकट. आसराबाई प्रत्येकाला शपथ घालून खरं सांगत होत्या आणि प्रत्येक जण समजूतदारपणे मान हलवून वाटी पुढं करत होता. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? त्यांच्या सासूबाईंनी तेवढं एक शिकवलं नव्हतं.

सात वाजता शीतल आली. पर्स खुंटीला अडकवली. हात धुऊन पाटावर बसली. आसराबाईंनी ताट वाढलं. भाकरी, कांदा, रस्सा, मोसंबीच्या चार फोडी आणि एक फोड मटणाची. एकच. कल्याणसाठी हंडीत दुसरी एक.

"आग न्हाई झाली. धूर न्हाई झाला," आसराबाई हळू आवाजात म्हणाल्या आणि तिसऱ्या गोष्टीवर त्यांना खोकला आला.

शीतलनं भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. खाल्ला. दुसरा बुडवला.  भाकरी संपली, बोटं चाटून झाली.

"आत्या, सैपाकघर तुमचं. द्वारका येणार न्हाई."

आसराबाईंची छाती दोन वीत फुगली. "बघ! मी म्हणलं होतं ना! एवढं आवडलं?"

"रस्सा लई भारी झालाय. पण ते न्हाई. मला जीपमध्येच तिचा फोन आल्ता. म्हणाली, तुमच्या घरच्या भांड्यांना मी जन्मात हात लावणार न्हाई. दोन ताटं तिथं राह्यलीत, ती पण ठेवून घ्या."

फुगलेली छाती हळूहळू जागेवर आली. पण सैपाकघर ते सैपाकघर! गुरुवारी सकाळी आसराबाईंनी भिंतीवरच्या पुस्तकाचं पान उलटलं. तिथं वांगं होतं. वांगी लावली, आठ तास शिजवली, झकास झाली. संध्याकाळी मागचं दार मुद्दाम उघडं ठेवून त्या सात वाजेपर्यंत बसून राहिल्या.

एक माणूस वाटी घेऊन आला नाही!

शुक्रवारी हंडीत परत वांगीच होती. पण कोणाचं लक्ष नाही असं बघून, आसराबाईंनी भिंतीवरचं पान गुपचूप डुकरावर आणून ठेवलं.