दोन, पाच, आठ, शून्य

सोमवारी सकाळी कुमुदताई देवपुजारींनी कालची आमटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, दोनचं बटण दाबलं आणि वाट पाहिली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग अंगठ्याने दाबलं.

"अहो, हा दोन नाही चालून राहिला."

नरहररावांनी पेपर बाजूला टाकला आणि ते लगबगीने स्वयंपाकघरात आले. ते वीज खात्यातून निवृत्त झाले होते. तिथे त्यांनी चौतीस वर्षं कर्मचाऱ्यांच्या रजेचे अर्ज सांभाळले होते. पण हिंदी मुलखातल्या विजय नगरच्या त्यांच्या कॉलनीत कुणाचा फ्यूज उडाला तरी लोक त्यांनाच विचारायला येत, आणि नरहररावांनी हा गैरसमज कधी दूर केला नव्हता.

"लूज कनेक्शन," ते म्हणाले आणि त्यांनी मायक्रोवेव्हच्या डोक्यावर जोरात थाप मारली. वर ठेवलेली लोणच्याची बरणी उडाली, कुमुदताईंनी ती हवेतच झेलली. दोन काही चालला नाही.

"पाचही नाही चालत," कुमुदताईंनी तपासून सांगितलं. "शून्यही नाही."

"तीन चालते ना? मग तेहतीस सेकंद लाव. जे तीस सेकंदांत गरम होते, ते तेहतीसमध्ये काय गोठून जाईल?"

यात तथ्य होतं. त्या दिवशी चहा चव्वेचाळीस सेकंदांवर झाला, भात एक मिनिट अकरा सेकंदांवर. नरहररावांना तर हे फारच आवडलं. मंगळवारी कुमुदताई भाजी आणायला गेल्या तेव्हा नरहररावांनी पोह्यांची बशी आत ठेवली, तीन दाबला, पडद्यावर आकडा दिसेपर्यंत धीर न धरता आणखी दाबला, खात्रीसाठी अजून दोनदा दाबला आणि मग स्टार्ट दाबला. पडद्यावर तेहतीस मिनिटं तेहतीस सेकंद उमटले तेव्हा नरहरराव आंघोळीला गेले होते. त्यांची आंघोळ अर्ध्या तासाची असे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघालेला धूर सगळ्यात आधी शेजारच्या बेबीताईंना दिसला. "बाप्पा रे! आग!" असं ओरडत त्या भरलेली बादली घेऊन धावल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. ओरडा ऐकून नरहरराव टॉवेल गुंडाळून बाहेर आले, त्यांनी मायक्रोवेव्हचा प्लग ओढला, तेवढ्यात बेबीताईंनी धुराच्या दिशेने बादली रिकामी केली. मध्ये नरहरराव होते. आंघोळीत राहिलेली पाठही धुऊन निघाली.

कुमुदताई भाजीची पिशवी घेऊन दारात आल्या तेव्हा ओट्यावर कोळसा झालेले पोहे होते, फरशीवर तळं होतं आणि तळ्यात नवरा उभा होता.

"तुझा मायक्रोवेव्ह जुना झाला," नरहरराव म्हणाले.

त्याच संध्याकाळी नेपियर टाउन भागातून अनुपम नावाचा मेकॅनिक आला. त्याने दोन-चार बटणं दाबली, ओठ आवळले आणि हलकेच मान हलवली, एखाद्या डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घ्यावं तशी. "पॅनल गया, अंकलजी. और इस मॉडल का पॅनल अब आता भी नहीं है. नया ले लीजिए."

नरहररावांनी लगेच मोबाइल काढला. जुना द्या, नवा घ्या अशी एक योजना त्यांना सापडली. अटी बऱ्याच होत्या. त्यांनी सगळ्या चौकटींत टिचक्या मारल्या आणि जाहीर केलं, "परवा गुरुवारी चार वाजता नवा येईल. हा जुना तेच लोक घेऊन जातील. झंझटच नाही!"

कुमुदताईंनी मायक्रोवेव्हकडे पाहिलं. एकतीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं आणि निरोपाच्या दिवशी टीचर्स रूममधल्या अकरा जणींनी मिळून त्यांना हा मायक्रोवेव्ह दिला होता. तो उचलून रिक्षात ठेवताना चौघी जणी रडत होत्या. हे नरहररावांना माहीत होतं. त्यांना फक्त या वेळी ते आठवलं नव्हतं.

बुधवारी दुपारी कुमुदताईंनी एक पाठकोरा कागद घेतला आणि त्यावर बटणांचा नकाशा काढला. मग एकेक बटण दाबून, चालतं त्याला बरोबरची खूण आणि चालत नाही त्यावर फुली, असं सुरू केलं. दोन, फुली. पाच, फुली. आठ, फुली. शून्य, फुली. बाकी सगळी शाबूत. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि चष्मा वर सरकवला. चारही फुल्या एकाखाली एक, अगदी सरळ उभ्या रेषेत होत्या.

"अहो! चार बटणं मेली नाहीत. एकच काहीतरी मेलं आहे, त्या रेषेतलं!"

"अगं, मेकॅनिकने सांगितलं ना पॅनल गेलं म्हणून?"

"मग बाकीची काहून चालून राहिली?"

 वीज खात्याने हं म्हणून पेपर तोंडासमोर धरला.

गुरुवारी दोन वाजता अनुपम पुन्हा आला, तोही कुमुदताईंनी फोनवर वर्गातला आवाज काढला म्हणून. त्यांनी कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. "अनुपम, इधर देख. पूरा पॅनल खराब है, तो तीन काहून चलता है?"

अनुपमने कागद पाहिला. कागद फिरवून पाहिला. "आंटीजी, ऐसे तो मैंने कभी देखा ही नहीं."

"तर आता बघू. खोल."

प्लग काढलेला होता. तरी "अंदर करंट जमा रहता है, आप पीछे रहिए," असं बजावून त्याने मागचं झाकण उघडलं, आतला साठलेला करंट मोकळा केला, बटणांचा भाग सोडवला आणि तेवढाच आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. बटणांच्या मागून रिबिनीसारखी एक चपटी पट्टी निघत होती आणि तिच्या टोकाशी बारीक काळ्या रेघा होत्या. कुमुदताईंनी सुईत दोरा ओवताना लावायचं भिंग आणलं. एक सोडून सगळ्या रेघा स्वच्छ होत्या. त्या एकीवर इतक्या वर्षांच्या वाफेचं आणि फोडणीचं पिवळट किटण चढलं होतं.

"सापडला!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी कंपासपेटीतला खोडरबर काढला.

"रबर?" अनुपम आणि नरहरराव एकदमच म्हणाले.

"हळूच घासायचं. जोर लावला तर रेघच जाईल." एकतीस वर्षं मुलींच्या वह्यांतली चुकीची उत्तरं खोडणारा हात होता तो. किटण गेलं, रेघ राहिली. अनुपमने पट्टी परत खाचेत बसवली, झाकण लावलं, स्क्रू पिळले. प्लग लावताना नरहरराव नकळत दोन पावलं मागे सरकले.

कुमुदताईंनी दोन दाबला. टुंक! पाच. टुंक! आठ. टुंक! शून्य दाबायच्या आधी त्यांनी पदराने बोट पुसलं. टुंक!

"जय हो आंटीजी!" अनुपमने हातच जोडले. "ऐसे कितने पॅनल फेंक दिए मैंने!"

बेबीताईंनी ही बातमी पाच मिनिटांत कॉलनीभर केली. बायका येत, दोनचं बटण दाबत, टुंक ऐकत आणि कुमुदताईंकडे आदराने पाहत. एकीने आपला बंद पडलेला मिक्सर सोबतच आणला होता.

आणि चार वाजता दारात टेम्पो थांबला.

नवा मायक्रोवेव्ह घेऊन आलेल्या माणसाने खोकं खाली ठेवलं आणि हातातला कागद वाचला. "पुराना चालू है ना, अंकलजी? चालू हालत वाला ही लेते हैं. बंद हो तो ऑर्डर कॅन्सल."

नरहररावांनी त्या कागदात डोकावून पाहिलं. आपण टिचक्या मारलेल्या चौकटींत हेही होतं तर! आणि लगेच त्यांचा चेहरा उजळला. "चालू? अरे, एकदम चालू! आताच दुरुस्त झाला आहे. आओ, आओ!"

त्या माणसाने दोन दाबला, पाच दाबला, खूश झाला. "एकदम ओके. ले जाता हूं."

कुमुदताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांनी तो दुरुस्त केला नसता तर तो घरातच राहिला असता. हा हिशेब त्यांच्या लक्षात आला, पण आता ऑर्डर रद्द करायची तर तो बंद आहे असंच म्हणावं लागलं असतं. खोटं सांगायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी फक्त पुढे होऊन पदराच्या टोकाने मायक्रोवेव्हचा माथा पुसला, एकदा आणि मग उगाच पुन्हा एकदा.

नरहररावांनी ते पाहिलं.

"एक मिनट भैया," ते म्हणाले. "जरा स्टॉप का बटन भी देख लो." त्यांनी स्वतःच त्या बटणावर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवून विचारलं, "आप कहां के? कटनी के? अच्छा, अच्छा." मग बोट काढलं. "अब देखो."

माणसाने दोन दाबला. काही नाही. पाच, आठ, सगळी बटणं दाबून झाली. शेवटी त्यानेही मायक्रोवेव्हच्या डोक्यावर एक थाप मारली. "यह तो बंद हो गया, अंकलजी! नहीं ले सकते."

"अरेरे," नरहरराव इतक्या दुःखाने म्हणाले की माणसालाच वाईट वाटलं. त्याने खोकं उचललं, ऑर्डर रद्द केली आणि टेम्पो निघून गेला.

कुमुदताई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. "काय केलं तुम्ही?"

"लहान मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणून कुलूप असते त्यात. स्टॉप तीन सेकंद दाबून धरायचं." नरहरराव भिंतीकडे पाहत म्हणाले. "काल तू नकाशा काढत होतीस ना, तेव्हा मी माहितीपुस्तक वाचलं. म्हटलं, आपल्यालाही थोडं यावं."

"मग आता उघडा ते कुलूप."

नरहररावांनी उगाच दोन-चार बटणं दाबून पाहिली.

"ते पुढच्या पानावर होतं," ते म्हणाले. "तेवढ्यात माझा डोळा लागला."

कुमुदताईंनी त्यांचं बोट हातात घेतलं, त्याच बटणावर टेकवलं आणि वर्गात मोजायच्या तशा खणखणीत आवाजात मोजू लागल्या, "एक... दोन... तीन!"

टुंक!